चार थरांवरची खिडकी

आमच्या नव्या घराच्या तीन भिंती सतरा दिवसांत उभ्या झाल्या. चौथी भिंत अडीच महिने अडून बसली, कारण तिच्यात खिडकी होती.

"रस्त्याकडून खिडकी कायले पायजे?" शालीक मोठेबाबा सकाळी सकाळी तोंडात दातून धरून आमच्या विटांवर येऊन बसले. "आपल्या घरान्यात कोनी ठेवली हाये का रस्त्याकडून खिडकी? सांग, उमराव. एक दाखव."

"आपल्या घरान्यात कोनी खिडकीच नाई ठेवली, दादा," बाबा म्हणाले. "बापानं एक भोक ठेवलं होतं भिंतीत. ते बी मांजरासाठी."

"मंग? मांजर येत नोती का?"

बाबा विटा मोजू लागले. मांजर खरंच यायची.

बाकीच्या तिन्ही बाजूंचा निकाल आधीच लागून गेला होता. पूर्वेला मोठेबाबांचं आंगण. तिकडून खिडकी म्हणजे दोन्ही घरांनी एकमेकांच्या भाजीत नाक घालणं. उत्तरेला भैय्यालालचा गोठा. तिकडून हवा कमी आणि माश्या जास्त. दक्षिणेला खिडकी नको असं एका वास्तुवाल्या महाराजानं सांगितलं होतं. महाराज आमच्या घरी कधी आला नव्हता, त्याचा व्हिडिओ आला होता. राहिली पश्चिम. पश्चिमेला रस्ता, रस्त्यापलीकडे आमच्याच बांध्या, म्हणजे धानाची शेतं, आणि बांध्यांच्या पलीकडे तलावाची पाळ. हा तलाव आपल्याच पणज्यानं बांधला असं आमच्यातला प्रत्येक माणूस सांगतो. इतक्या पणज्यांनी मिळून बांधला तरी तो एवढासाच कसा, हे मी आजवर कोणाला विचारलं नाही. मला याच गावात राहायचं आहे.

तर पश्चिमेची ती खिडकी मागत होती माझी माय.

माय मोठेबाबांशी बोलत नाही. भांडण नाही, तसा रिवाजच आहे. मोठेबाबा तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन छत्तीस वर्षं झाली, तिनं त्यांना सरळ एक शब्द म्हटलेला नाही. जे सांगायचं ते ती मधल्या कोणाला तरी सांगते आणि मोठेबाबा ऐकतात. मधे माणूस नसला तर कोंबडीही चालते. त्या दिवशी सुकराम मिस्त्री होता.

"सुकराम भाऊ," माय पदर कपाळापर्यंत ओढून म्हणाली, "सांगा ना तुमच्या पाटलाले. मांजराले पाय असते. मले आता नाई."

मोठेबाबांची दातून तोंडातच थांबली. मग त्यांनीही सुकरामकडे पाहिलं.

"तिले म्हना, बसूनच राहाचं हाये तं देवासमोर बसावं. रस्त्यावर काय ठेवलं हाये?"

"म्हना, रस्त्यापल्याड रोवना हाये."

"म्हना, रोवना दोन हप्त्याचा असते. खिडकी बारा महिन्याची."

"बापा!" सुकरामनं हातातली थापी खाली ठेवली. "मी इटा वाहाले आलो, तुमच्या गोष्टी वाहाले नाई. भिंत बांधू का घरी जाऊ?"

त्या दिवशी तो घरी गेला.

मायच्या गुडघ्यांचं सांगायला हवं. रोवणा म्हणजे भातलावणी. धान रोवायला बाई चिखलात वाकते, डाव्या हातात पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची, पेंढी धरते, उजव्या हातानं चार-चार काड्या चिखलात खोचते आणि मागं मागं सरकते. पुढं सरकायची सोय नाही. पुढं गेलं तर स्वतःच लावलेलं स्वतः तुडवायचं. माय छत्तीस पावसाळे अशी मागं सरकली. आमच्या रोवणाऱ्या टोलीत ती पहिल्या नंबरावर. तिची ओळ दोरी धरून मारल्यासारखी, आणि बाकीच्या बाया तिची ओळ पाहून आपली ओळ धरायच्या. मागच्या पावसाळ्यात ती बांधीत खाली बसली ती उठलीच नाही. चौघींनी उचलून धुऱ्यावर, बांधीच्या बांधावर, ठेवली. गोंदियाच्या डॉक्टरनं गुडघ्यांचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "बाई काम क्या करती है?"

"रोवना," बाबा म्हणाले.

"अब नहीं करना. कीचड़ में पाँव नहीं डालना. नीचे नहीं बैठना, ज्यादा खड़े भी नहीं रहना."

म्हणजे माय काय करू शकते, असं बाबांनी विचारलं. डॉक्टरनं जरा विचार केला आणि म्हणाला, "आराम."

मायनं हा शब्द घरी आणला आणि कुठं ठेवावा ते तिला कळेना. जुन्या मातीच्या घरात ती बाजेवर बसून राहायची आणि भिंतीकडे पाहायची. एकदा मी विचारलं, काय पाहून राहिली? म्हणाली, "भित." खोटं नव्हतं. म्हणून नवं घर निघालं तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली. आरसा नको, ओट्याला टाइल नको. "बाजेवर बसल्या बसल्या आपल्या बांध्या दिसल्या पायजे. उभं राहून पाह्याची खिडकी तं टेसनावर बी असते."

चौथी भिंत अशी अडलेली असताना धान घरी आलं.

दिवाळी होऊन गेली होती. मळणी झाली, आणि खरेदी केंद्रावर आमचा नंबर इतका लांब होता की तो दिसतही नव्हता. त्यात आभाळ भरून आलं. बाबांनी घाईघाईनं तीन भिंती आणि दोन पाइपांवर टिना टाकल्या आणि सगळे कट्टे नव्या घरात रचले. कट्टा म्हणजे चाळीस किलोचं पोतं. चार-चार थर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खोलीत जमीन म्हणून दिसायची राहिली नाही. चौथ्या बाजूनं शेळ्या आत येऊ लागल्या, आणि जी गोष्ट मायच्या बोलण्यानं झाली नाही ती शेळ्यांनी चार दिवसांत केली. मोठेबाबा स्वतः म्हणाले, "बांधून टाका ते भित. ठेवा खिडकी. धान खाऊन राहिल्या."

सुकराम आला. आता माप घ्यायचं.

"वहिनी, बसून दाखवा. तुमाले कुठून दिसलं पायजे ते सांगा, मी रेघ मारतो."

मी आणि बाबांनी मायला दोन्हीकडून धरून कट्ट्यांवर चढवलं. चढताना तिनं धानाला हात लावून तो कपाळाला लावला, कारण लक्ष्मीवर पाय पडत होता. मग ती बसली. सुकराम कट्ट्यांवर उभा, बाबा कट्ट्यांवर उभे, मोठेबाबा कट्ट्यांवर पान चोळत बसलेले, मी कट्ट्यांवर. सुकरामनं विटेच्या तुकड्यानं बाजूच्या भिंतीवर रेघ मारली.

"इथं?"

"जराशी खाली, भाऊ. धुरा दिसला पायजे."

"इथं?"

"आखीन बोटभर. हाव. बस."

"पाह्य बापू," सुकराम मला म्हणाला, "हे असं माप घ्या लागते. मानूस पाहून. शहरातला इंजिनियर तं कागद पाहून घेते."

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. पाच माणसं भाताच्या थप्पीवर उभी राहून, बसून खिडकीची उंची ठरवत होती आणि पाचातल्या एकालाही आपण कशावर आहोत हे आठवलं नाही. मी बी.ए. आहे. हे लाजेखातर सांगून ठेवतो.

बाहेरून पाहून कळलं असतं म्हणाल तर तेही नाही. तलावाचा सांडवा फुगला की पाणी आमच्या आंगणापर्यंत येतं, म्हणून घराचा जोता कंबरभर उंच. रस्त्यावरून आमच्याकडची प्रत्येक वस्तू उंच दिसते; दारात उभी कोंबडीसुद्धा मोरासारखी वाटते.

लोखंडी चौकट आली. तिला हळद-कुंकू लावलं, मोठेबाबांनी स्वतः नारळ फोडला आणि भिजल्या हातानं चौकटीला पाणी लावलं. "बसली," ते म्हणाले. "आता हे या घरची झाली. हलवाची नाई." एवढं त्यांनी मोठ्यानं आणि सुकरामकडे पाहून म्हटलं, म्हणजे ते मायसाठी होतं. मायनं पदराआडून सुकरामला नमस्कार केला.

मग रंग. खिडकीच्या रंगाबद्दल बाबांचं मत होतं तपकिरी, कारण मळ दिसत नाही. मोठेबाबांचंही मत तपकिरी. बाबांनी ते आधी म्हटलं म्हणून त्यांना राग आला होता, पण दुसरा रंग सुचला नाही. माय म्हणाली, "पऱ्ह्याचा हिरवा पायजे. कवळा. पंधरा दिवसाच्या पऱ्ह्याचा."

जानेवारी लागला होता, विहीरवाल्यांनी उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकलेले होते. मायनं मला पाठवून एक मूठ उपटून आणवली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि म्हणाली, "हे घेऊन जा मोरगावले. दुकानदाराले दाखवजो. असाच, म्हना."

अर्जुनी-मोरगावात गुलाबचंद सेठचं रंगाचं दुकान आहे. त्यात मशीन आहे. कोणतीही वस्तू दाखवा, मशीन तिच्यावर उजेड पाडते आणि तंतोतंत तसाच रंग घोटून देते. सगळं बरोबर होतं. फक्त बस आली नाही. साडेनवाची बस साडेअकराला आली. मी फाट्यावर आलूबोंडा खाल्ला, आणि हात पुसायला काही नव्हतं, फडकं होतं. उघडी पडलेली मूठ पुढं बसच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात माझ्या मांडीवर होती. दुकानात पोहोचलो तेव्हा पऱ्हे निजून गेले होते.

"ये कलर चाहिए?" सेठनं ती मूठ दोन बोटांत उचलली.

"थोडा ताजा था, सेठ. सुबह."

"मशीन को सुबह क्या मालूम? मशीन अभी का देखती है."

मी म्हटलं, जरा जास्त हिरवा करता येईल का. सेठ दुखावला. "भैया, कंप्यूटर है. अंदाज से अपने बाप के जमाने में होता था." मशीननं उजेड पाडला, घरघर केली आणि मेलेल्या पऱ्ह्याचा अगदी हुबेहूब रंग घोटून दिला. एवढा हुबेहूब की डबा उघडल्यावर वाससुद्धा येईल असं वाटलं. एकदा घोटलेला रंग वापस होत नाही, अशी पाटी काउंटरवर होती. पाटीचा रंग छान होता.

घरी मायनं ब्रश बुडवून काडीवर पाहिला. काडी उजेडाला धरली.

"गजेंद्र, बापू," मग म्हणाली, "हा तं करपा हाये."

करपा म्हणजे धानावरचा रोग. पान कडेनं पिवळं पडतं, मग वाळतं. त्या रंगाचे दोन हात मारले. दुसऱ्याच दिवशी भैय्यालाल गोठ्यातून शेणाचे हात घेऊन रस्त्यावर आला आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"उमराव भाऊ, तुमच्या खिडकीवर रोग पडला गा. औषध मारा लवकर, नाईतं दारावर जाईन."

"मारतो," बाबा म्हणाले.

"माह्याकडं फवारा हाये. आनू का?"

बाबा घरात निघून गेले. गावातल्या प्रत्येक माणसानं हा विनोद एकदा केला. दोघांनी दोनदा केला. मायनं मात्र मला एक शब्द बोलून दाखवला नाही. मी वाट पाहत होतो की ती रागावेल, पण ती कट्ट्यांवर बसून बाहेर पाहत होती. नवं घर राहायला झालं नव्हतं, तरी ती रोज दुपारी मला आणि बाबांना हाक मारून वर चढायची आणि दिवे लागेपर्यंत उतरायची नाही. "फुलवंताची बकरी तिसऱ्यांदा वटान्यात शिरली," ती खाली आवाज द्यायची. "पाळीवर कोनी नवा मानूस बसून हाये. चष्मा हाये." चार महिने भिंत पाहिलेल्या माणसाला चष्मा दिसला तरी पुरतो. रंग आतून दिसत नव्हता. ती म्हणायची, "रंग रस्त्यावरच्याईले. मले खिडकी."

तो एक महिना आमच्या घरी सगळं बरं होतं.

फेब्रुवारीत आमचा नंबर लागला. ट्रॅक्टर आला, सहा माणसं आली आणि कट्टे बाहेर निघू लागले. पहिला थर गेला. दुसरा गेला. मी दारात उभा राहून मोजत होतो, म्हणून मला आधी दिसलं. धान जसजसं बाहेर जात होतं, तसतशी खिडकी वर जात होती. तिसऱ्या थराला तिच्या खालची कड कट्टे उचलणाऱ्यांच्या छातीला लागली. चौथा थर निघाला आणि खाली जमीन दिसली, जी आम्ही दोन महिन्यांत पाहिली नव्हती. त्या जमिनीवर बाबा उभे होते आणि खिडकीतून फक्त त्यांचं डोकं बाहेर पाहत होतं.

"हे काय झालं बे?" बाबा म्हणाले.

"खिडकी वर गेली."

"कोनी नेली?"

बाज आणली. खिडकीखाली टाकली. मायला बसवलं. तिच्या डोळ्यांसमोर नवीन, सिमेंटची, गुळगुळीत भिंत होती. आता ही भिंत आधीच्यापेक्षा चांगली होती, एवढाच फरक.

सुकरामला बोलावलं. त्यानं टेप लावला, पुन्हा लावला, बाहेर जाऊन पाहिलं, आत येऊन पाहिलं.

"खिडकी बराबर हाये," तो म्हणाला. "जमीन खाली गेली."

"मंग जमीन वर आन!" बाबा ओरडले.

"आनतो. डोकं टिनाले लागन."

"तं मंग चौकट काढ. दोन हात खाली बसव."

सुकरामनं मोठेबाबांकडे पाहिलं. मोठेबाबांनी मायकडे पाहिलं नाही, पण ती कुठं बसली आहे तिकडे तोंड करून ते भिंतीला म्हणाले, "बसली चौकट उखडली तं घरचं मानूस उखडते. आपल्या मामानं उखडली होती. सहा महिन्यात मामी गेली. मी नाई सांगून राहिलो, गाव सांगते."

मी म्हटलं, मामी नव्वद वर्षांची होती. मोठेबाबा म्हणाले, चौकट उखडली नसती तर एक्याण्णव झाली असती. याच्यावर बी.ए.मध्ये काही शिकवत नाहीत.

बाबा तरी हातोडा घ्यायला निघाले होते. पण माय बोलली. "ठेवा तो हातोडा. माह्या पाह्यासाठी घरचं मानूस उखडाचं का? घरचे म्हंजे तुमी आन हा पोट्टा. कोनाले उखडाचं हाये सांगा." आणि मग सुकरामला, "पाटलाले म्हना, नाई काढत कोनी चौकट."

मोठेबाबा उठून गेले. जाताना उंबऱ्यात अडखळले. मला वाटतं त्यांनाही ती चौकट काढलेली चालली असती. पण नारळ त्यांनीच फोडला होता.

मग उपाय सुरू झाले. बाजेच्या चारी पायांखाली विटा रचल्या. माय वर बसली, बाज उत्तरेला गेली आणि माय दक्षिणेला. नशीब बाबा मधे उभे होते. सुकराम म्हणाला, विटांचा पक्का ओटा बांधतो, तीन पायऱ्या करतो, सिमेंट लावतो. त्यानं जमिनीवर खडूनं आखूनही दाखवलं. चौरस ओटा, चढायला पायऱ्या. मायनं त्या खडूकडे पाहिलं. तलावाच्या पाळीवर माझ्या आजाचा ओटा आहे, मेल्यावर बांधलेला. मापासकट तसाच.

"जित्तेपनीच बसवता का मले ओट्यावर?" ती म्हणाली. "दिवा बी लावून देजा."

सुकरामनं पायानं खडू पुसला. पुढच्या आठवड्यात तो ठेकेदाराबरोबर हैदराबादकडे कामाला गेला. दिवाळीला येतो म्हणाला. मिस्त्री आणि जावई बोलावून येत नाहीत, हे बाबांचं मत.

शेवटी उपाय मायनंच काढला. घरच्या खाण्यासाठी अठरा कट्टे धान मागं ठेवलेलं होतं, कोठीत घालायचं. ती म्हणाली, "कोठीत कायले? इथं ठेवा. खिडकीखाली." आम्ही खिडकीपाशी दोन-दोन कट्ट्यांचे चार थर रचले आणि राहिलेल्यांच्या पायऱ्या केल्या. कट्ट्याची पायरी मऊ, गुडघ्याला बरी. माय हात लावून कपाळाला नेत, एकेक पायरी करत वर गेली, आणि बसली, आणि तिला धुरा दिसला.

"दिसते?" बाबांनी खालून विचारलं.

"चष्मेवाला नाई आला आज," माय म्हणाली.

एवढं झालं असतं आणि गोष्ट संपली असती, पण आम्ही भात खातो.

दर वीसेक दिवसांनी एक कट्टा मिलवर जायचा. पायऱ्यांतले दहा तर पहिल्या पंधरवड्यातच मजुरीत आणि उसनवारीत गेले, तिथं विटा लावल्या. मग थराला हात लागला. होळीपर्यंत मायला धुऱ्यावरचं गवत दिसत होतं. रामनवमीला बांध्या दिसायच्या पण धुरा नाही. अक्षयतृतीयेला पाहुणे आले, चार दिवस राहिले, आणि त्यांच्या जेवणात बांध्या गेल्या. मी माय कुठपर्यंत आली ते पाहून घरात किती धान उरलं हे सांगू शकत होतो. रिकाम्या कट्ट्यांत मी मिलवरून कोंडा भरून आणला, तेवढ्याच जाडीचे केले आणि मोठ्या हौसेनं खाली लावले. माय बसली, आणि बोलता बोलता हळूहळू आत गेली. आठ दिवसांत दोन थरांचा अर्धा थर झाला, अंगाला खाज सुटली ती वेगळी.

"राहू दे, बापू," ती म्हणाली. "कोंड्यावर कोनी उंच झालं नाई."

ज्येष्ठात तिला फक्त तलावाच्या पाळीवरच्या आंब्यांचे शेंडे आणि त्यावरचं आभाळ दिसायचं. तरी ती तिथंच बसायची, कारण बाजेवरून शेंडेही दिसत नव्हते. खाली दोनच कट्टे उरले होते.

आषाढात चिखलणी झाली. ट्रॅक्टरनं आमच्या बांध्या गारा करून ठेवल्या, पऱ्हे उपटून पेंढ्या पडल्या, आणि सोमवारी आमचा रोवणा ठरला. रस्त्याच्या अगदी पलीकडे. मायनं ज्या दोन हप्त्यांसाठी बारा महिन्यांची खिडकी मागितली होती, त्यातला हा पहिला दिवस. बाया बावीस. आमच्याकडे रोवणाऱ्या बायांना दुपारचं जेवण मालकाच्या घरचं असतं. आदल्या दिवशी बाबा खोलीत आले, उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"तांदूळ किती हाये?" मायनं विचारलं.

"हाये."

"किती?"

"चार शेर."

"बावीस बायाईले चार शेर?"

बाबा खिडकीकडे पाहू लागले. उभ्या माणसाला तिच्यातून छान दिसतं.

"भैय्यालालकडून आनतो उसनं," ते म्हणाले.

"भैय्यालालचा रोवना बी उद्याच हाये." माय एका हातानं भिंतीला धरून स्वतःच उठली. "धर रे गजेंद्र. उतरव मले. घेऊन जा दोनी कट्टे. चिखलातून आलेल्या बाईले अर्ध्या पोटी उठवता का? मी उठली हाये तशी. मले मालूम हाये."

मी कट्टे मोटरसायकलवर घालून मिलवर नेले. एक मागं, एक पुढं टाकीवर. मधे मी.

सोमवारी पाऊस बारीक होता, सकाळपासून लागून राहिलेला. टिनांवर त्याचा आवाज. पलीकडून बायांचं गाणं येत होतं, मधेच हसणं, मधेच कोणी कोणाला शिवी. माय खिडकीखाली बाजेवर बसून होती, तोंड भिंतीकडे.

"गजेंद्र, उभा राह्य खिडकीत. तू पाह्य आन मले सांग."

मी उभा राहिलो. पाहिलं.

"काय हाये?"

"बाया हायेत."

"ते मले बी मालूम हाये. पह्यल्या नंबरावर कोन हाये?"

"एक लाल लुगड्याची."

"लाल लुगड्याच्या सहाजनी असन. ओळ कशी हाये?"

"चांगली हाये."

"चांगली म्हंजे सरळ का वाकडी?"

मी डोळे बारीक केले. ओळ म्हणजे नक्की काय पाहायचं हे मला समजेना. चोवीस वर्षं मी या बांध्यांच्या काठावर जगलो होतो. "हिरवी हाये," मी म्हटलं.

मायनं उसासा सोडला. "तुले खिडकी हाये, बापू. बस. तेवढीच हाये." मग ती कान देऊन ऐकू लागली. गाणं चालू होतं. बावीस बायांचं गाणं मला एकच वाटतं. तिनं मान जरा तिरकी केली.

"धुऱ्यापाशी कोनी थांबली हाये का? कंबर धरून?"

मी पाहिलं. शेवटच्या बांधीच्या धुऱ्याला एक बाई पेंढी हातात धरून सरळ उभी होती, दुसरा हात कंबरेवर. बाकीच्या तिला सोडून मागं सरकून गेल्या होत्या.

"हाये."

"फुलवंता हाये ते. तिचा आवाज बंद झाला मघापासून. जा, तिले म्हना, बस धुऱ्यावर घडीभर. मी म्हनलं म्हना. नाईतं माह्यासारखी पडन."

मी प्लास्टिक डोक्यावर घेतलं आणि रस्ता ओलांडून धुऱ्याधुऱ्यानं गेलो. पायाखाली घसरत होतं. फुलवंताकाकी खरंच फुलवंताकाकीच होती. ओठ दाताखाली धरलेला.

"काकी, माय म्हनते, बस घडीभर. पेंढी ठेव."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे, आमच्या कंबरभर जोत्यावर, करप्याच्या रंगाच्या त्या खिडकीकडे. तिच्यात कोणी नव्हतं. पेंढी चिखलात टाकून ती हळूच धुऱ्यावर टेकली.

"एवढ्या दुरून दिसलं तुह्या मायले?"

मी चिखलातली पेंढी उचलून धुऱ्यावर ठेवली.

"म्हंजे बराबर बसली गा तुमची खिडकी," ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. "लोक काईबी बोलते. सुकरामले सांग, दिवाळीले आला का माह्याबी घरी अशीच बसवून दे म्हना. याच मापाची."

"सांगतो," मी म्हटलं.